आभासी चलनाची किल्ली आणि वनजिल्ह्यांतील सावधगिरी

मे महिना उजाडला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील वनालगतच्या गावांत तेंदूपत्त्याची लगबग सुरू होते. पहाटेच कुटुंबेच्या कुटुंबे जंगलात शिरतात, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले जातात आणि सायंकाळी ते फळीवर मोजून दिले जातात. थोड्या दिवसांच्या या श्रमावर पुढे धानाच्या रोवणीचा खर्च, मुलांचे शालेय साहित्य आणि घरातले एखादे आजारपण निभावते. ही मजुरी पूर्वी रोख हाती पडत असे. आता ती अनेक गावांत बँकेच्या खात्यात जमा होते आणि ते खाते मोबाईलशी जोडलेले असते.

गडचिरोलीच्या दुर्गम भागातील गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या मार्गावर १ जानेवारी २०२५ रोजी एसटीची बस सुरू झाली. रस्त्यापाठोपाठ मोबाईलचे मनोरेही आत पोहोचू लागले आहेत. ज्या मोबाईलवर रोजगार हमीच्या मजुरीचा संदेश येतो, त्याच मोबाईलवर ‘बिटकॉइनमध्ये पैसे गुंतवा, दरमहा दहा टक्के मिळवा’ असा संदेशही येतो. तिकडे बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा या पट्ट्यात कोळसा खाणींतून आणि कारखान्यांतून निवृत्त होणाऱ्या कामगारांच्या हाती आयुष्यभराची पुंजी एकरकमी येत असते. संदेश आलेला माणूस बहुधा आधी गावातल्या शिक्षकाला किंवा पंचायत सदस्याला विचारतो, ‘गुरुजी, हे खरे आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मुळात हे चलन काय आहे, ते कसे चोरले जाते आणि चोरीनंतर काय हाती राहते, याची माहिती असणे अगत्याचे आहे.

नोंदवही सर्वांची, किल्ली एकाची

बिटकॉइन हे आभासी चलन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. त्याची नोट नाही, नाणे नाही आणि त्यामागे कोणत्याही देशाची मध्यवर्ती बँक नाही. जगभरातील हजारो संगणकांवर एकच नोंदवही ठेवलेली असते आणि कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती चलन गेले, याची नोंद तीत क्रमाने होत जाते. ही नोंदवही कोणालाही वाचता येते. एकदा पक्की झालेली नोंद मात्र कोणालाही खोडता येत नाही. या चलनाचे बळ यातच आहे आणि सामान्य माणसाचा धोकाही यातच आहे.

पत्त्यावरील चलन हलविण्याचा अधिकार एका गुप्त किल्लीला असतो. ही किल्ली लक्षात राहण्याजोगी नसते. म्हणून अनेक पाकिटांत ती बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या ओळीत मांडली जाते. हे शब्द २,०४८ शब्दांच्या एका ठरावीक यादीतून निवडलेले असतात. ज्याच्याकडे शब्दांची ही ओळ, तो मालक. येथे आधारकार्ड, सातबारा किंवा वारसाचा दाखला चालत नाही. ओळ हरवली तर खरा मालकही परका होतो आणि ती दुसऱ्याच्या हाती पडली तर चोर मालक ठरतो.

बँकेचे तसे नाही. बँकही हल्ल्यांपासून मुक्त नाही, हे चंद्रपूर जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या व्यवहारांत शिरकाव होऊन ग्राहकांच्या साडेतीन कोटी रुपयांहून अधिक रकमा परराज्यातील खात्यांकडे वळविल्या गेल्याचे प्रकरण उघडकीस आले. परंतु तेथे शाखा आहे, जबाबदार अधिकारी आहे, वर रिझर्व्ह बँक आहे. विमा महामंडळाकडे नोंदलेली बँक बुडालीच तर प्रत्येक ठेवीदाराच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. आभासी चलनाला यांतले काहीच नाही. तेव्हा जी चौकशी करावयाची, ती पैसे देण्यापूर्वीच करावी लागते.

दरमहा दहा टक्क्यांची कथा

महाराष्ट्रात या विषयाचा सर्वांत कडू अनुभव ‘गेन बिटकॉइन’ या योजनेने दिला. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाज होता, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. गुंतवणूकदाराने बिटकॉइन द्यावेत आणि अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइन परत घ्यावेत, असे आश्वासन होते. म्हणजे एकाचे एक पूर्णांक आठ दशांश. त्याच काळात राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुदत ठेवीवर वर्षाला सात-आठ टक्के मिळत होते, एवढा हिशेब मांडला असता तरी पुष्कळांचे पाय थबकले असते. परंतु हा हिशेब मांडणारा समोर कोणी नव्हता. समोर होता तो ओळखीचा माणूस, ज्याला नवे सभासद आणल्याबद्दल वेगळे कमिशन मिळत होते.

आरंभी परतावा मिळाला. पुढे नवे सभासद कमी होताच बिटकॉइनऐवजी योजनेने स्वतःच काढलेले, किमतीने अगदी हलके असे दुसरे चलन सभासदांच्या माथी मारण्यात आले. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे, नांदेड, कोल्हापूर यांसह देशात साठांहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. योजना सुरू झाल्यापासून दहा वर्षे लोटली होती.

या प्रकरणाचा एक उपकथाभाग अधिक बोलका आहे. २०१८ च्या तपासात पोलिसांनी तांत्रिक साह्यासाठी ज्या तज्ज्ञांना बोलाविले, त्यांपैकी दोघांना मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. जप्त पाकिटांतील चलन त्यांनी परस्पर वळविले, असा आरोप होता. त्याचा निर्णय न्यायालय देईल. परंतु तिजोरीची किल्ली पाहिलेला प्रत्येक जण तिजोरीपर्यंत पोहोचू शकतो, हे या चलनाच्या बाबतीत किती अक्षरशः खरे आहे, ते यावरून कळावे. ‘मदतीसाठी तुमचे बारा शब्द सांगा’ असे म्हणणारा माणूस कितीही जाणकार, कितीही नम्र असला तरी त्याला ते सांगू नयेत.

सही करण्यापूर्वी वाचणे

किल्ली स्वतःजवळ नको म्हणून बहुतेक जण आपले चलन एखाद्या विनिमय केंद्राकडे, म्हणजे खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे ठेवतात. मुंबईत सुरू झालेली वझीरएक्स ही अशीच मोठी कंपनी. १८ जुलै २०२४ रोजी तिच्या एका पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपये किमतीचे चलन चोरीस गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनाद्वारे या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवला.

हे पाकीट एका किल्लीचे नव्हते. ग्रामपंचायतीच्या धनादेशावर जशा दोघांच्या सह्या लागतात, तशी येथे अनेक अधिकाऱ्यांची संमती लागत होती. मग चोरी झाली कशी? कंपनीच्या म्हणण्यानुसार, सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती. पंचायतीचा कारभार पाहिलेल्या कोणालाही यात नवल वाटू नये. कोऱ्या धनादेशावर विश्वासाने दोन सह्या झाल्या, तर दुसऱ्या सहीचा उपयोग शून्य.

या चोरीनंतर ग्राहकांचे चलन अडकून पडले. सिंगापूरच्या न्यायालयात पुनर्रचनेची योजना मंजूर होऊन व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. पंधरा महिने लोकांना स्वतःच्या पैशाला हात लावता आला नाही. त्या आधी तीनच महिने, जुलै २०२५ मध्ये, कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या भारतीय कंपनीतून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरचे चलन गेले. हा तोटा कंपनीने आपल्या राखीव निधीतून सोसल्याचे जाहीर केले. या प्रकरणी बंगळुरूत एका कर्मचाऱ्याला अटक झाली. फावल्या वेळेतील कामाच्या आमिषातून त्याच्या कार्यालयीन संगणकात घातक प्रणाली शिरल्याचे तपासात पुढे आले. मोठ्या कंपनीचा दरवाजादेखील असा ‘घरबसल्या काम’ या एका संदेशाने उघडतो.

ज्यांच्याकडे असे चलन आहेच, त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. शब्दांची ओळ कागदावर लिहून दोन सुरक्षित जागी ठेवावी. तिचे छायाचित्र मोबाईलमध्ये काढू नये. फार काळ ठेवावयाचे चलन विनिमय केंद्रात न ठेवता इंटरनेटपासून अलग अशा उपकरणात ठेवणे बरे. चलन पाठविताना पत्ता पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पडताळावा, कारण सुरुवातीची आणि शेवटची चार-चार अक्षरे जुळणारा बनावट पत्ता तयार करून तो व्यवहारांच्या यादीत घुसविण्याची युक्ती चोरांना साधली आहे. ओटीपी एसएमएसवर घेण्याऐवजी पडताळणीसाठीचे स्वतंत्र ॲप वापरावे. याला आपल्या भागात आणखी एक कारण आहे. दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड बनावट कागदांवर काढले की मूळ मालकाच्या मोबाईलचे नेटवर्क एकाएकी जाते. चंद्रपूर शहरात हे चटकन लक्षात येते. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यात नेटवर्क जाणे नित्याचेच, त्यामुळे धोक्याची ही खूण तेथे खूण म्हणून उरत नाही. शेजाऱ्याच्या मोबाईलवर त्याच कंपनीचे नेटवर्क आहे आणि आपल्याच मोबाईलवर नाही, असे दिसल्यास त्याच दिवशी कंपनीकडे आणि बँकेकडे विचारणा करावी.

दिसणारा नफा

तथापि वनजिल्ह्यांतील बहुसंख्य लोकांकडे खरे आभासी चलन नाहीच. त्यांची फसवणूक होते ती त्या चलनाच्या नावाने. अनोळखी व्यक्ती व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटात सामील करून घेते. गटात रोज कोणी ना कोणी आपल्या नफ्याचे चित्र टाकत असतो. ते सारे एकाच टोळीतले असतात. मग एक ॲप उतरवून घ्यावयास सांगितले जाते. दोन हजार भरले की पडद्यावर अडीच हजार दिसतात आणि मागितल्यास ते खरोखर परतही मिळतात. हीच मेख आहे. विश्वास बसला की लाख भरले जातात, पडद्यावर तीन लाख दिसतात आणि ते काढू गेल्यास ‘आधी कर भरा’, ‘आधी खाते मोकळे करण्याचे शुल्क भरा’ अशी मागणी सुरू होते. पडद्यावरील आकडा हा चलन नव्हे. तो निव्वळ आकडा असतो. नफा काढून घेण्यासाठी आधी पैसे भरावयास सांगणारा कोणताही व्यवहार फसवणुकीचाच समजावा.

लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा किसान सन्मान निधीचा अर्ज अशा नावाने एपीके फाईल पाठविण्याचा प्रकारही सर्वत्र आहे. ती उघडली की मोबाईलमधील संदेश परस्पर वाचले जाऊ लागतात. सरकारी योजनेचा अर्ज व्हॉट्सॲपवरील फाईलने भरला जात नाही, हे शाळेतल्या मुलांनाही सांगता येईल. पुष्कळ घरांत मोबाईल हाताळणारी तीच असतात.

पलीकडून गोड बोलणारी व्यक्तीही कधी कधी स्वतः बंदी असते, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे अशा केंद्रांत डांबून कामाला जुंपलेली असावीत. त्यांत नोकरीच्या आमिषाने नेलेले भारतीय तरुणही आढळले आहेत. परदेशात संगणकावर टंकलेखनाचे काम आणि भरघोस पगार, अशी जाहिरात गावातील तरुणाला आली तर तीही या दृष्टीने तपासून घेतली पाहिजे.

भाड्याने दिलेले खाते

फसवणुकीतून आलेला रुपया थेट परदेशी जात नाही. तो आधी कोणाच्या तरी बँक खात्यात येतो, तेथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातो आणि शेवटी आभासी चलनात बदलला जातो. यासाठी टोळ्यांना शेकडो खाती लागतात आणि ती मिळविण्याची सोपी जागा म्हणजे गरीब वस्ती व महाविद्यालयांची वसतिगृहे. ‘तुझे खाते, एटीएम कार्ड आणि सिम महिनाभर दे, पाच हजार देतो’ असा तो सौदा असतो. ज्या मुलाने आयुष्यात बिटकॉइन पाहिलेला नाही, त्याचे नाव मग दूरच्या राज्यातील गुन्ह्यात आरोपी म्हणून येते. खाते गोठते, शिष्यवृत्ती अडकते आणि पोलिसांच्या चौकशीसाठी शेकडो कोसांवर हेलपाटे सुरू होतात. आश्रमशाळा आणि वसतिगृहांतील शिक्षकांनी या एका गोष्टीवर विशेष भर देण्याची निकड आहे.

प्रामाणिक माणूसही यात सापडू शकतो. एखाद्याने आपले चलन अनोळखी खरेदीदाराला परस्पर विकले आणि त्याने दिलेले रुपये फसवणुकीतले निघाले, तर विक्रेत्याचे खाते गोठविले जाते. त्यामुळे असा व्यवहार ओळख पटविणाऱ्या, केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेल्या कंपनीमार्फतच करावा. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने अशा कंपन्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या आहेत. ही नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे, एवढे मात्र ध्यानात असावे. करासंबंधीही असाच गैरसमज आढळतो. २०२२ पासून आभासी चलनाच्या नफ्यावर ३० टक्के आयकर आणि व्यवहाराच्या रकमेवर १ टक्का उद्गम करकपात लागू झाली. ‘सरकार कर घेते म्हणजे योजना सरकारमान्य आहे’ असे दलाल सांगतात. ते चुकीचे आहे. हे चलन भारतात वैध चलन नाही. परताव्याची हमी देऊन लोकांकडून ठेवी गोळा करणाऱ्यांवर मात्र ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा अधिनियम आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा यांखाली कारवाई होऊ शकते.

पहिला तास

फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार द्यावी. हा क्रमांक बँकांशी जोडलेल्या यंत्रणेशी संलग्न असल्याने पैसा ज्या खात्यात गेला आहे ते खाते, आणि तेथून पुढे गेला असल्यास ते पुढचे खाते, रोखण्याची विनंती तत्काळ पोहोचते. रुपया रुपयाच्या रूपात आहे तोवरच त्याला अडविता येते. एकदा तो आभासी चलन झाला की काही मिनिटांत चार देश ओलांडतो. यास्तव ‘उद्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर बघू’ हा विचार सर्वांत महाग पडतो. रोखलेली रक्कम पुढे न्यायालयाच्या आदेशाने तक्रारदारास परत मिळू शकते.

तक्रार देताना यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, रक्कम, तारीख व वेळ जवळ असावी. आभासी चलन पाठविले असल्यास पत्ता आणि व्यवहाराचा चौसष्ट अक्षरी सांकेतिक क्रमांक जपून ठेवावा. लाजेपोटी संदेश पुसून टाकण्याची प्रवृत्ती सर्वत्र आहे. पुरावा तोच असतो. नेटवर्क नसलेल्या गावात जवळचे पोलीस मदत केंद्र हा मार्ग आहे. गडचिरोली पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’ या उपक्रमातून लोक दाखल्यांसाठी आणि योजनांसाठी तेथे जातातच. तक्रार दिल्यानंतर ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडे शुल्क भरा’ असे सांगणारा फोन आल्यास तो पहिल्याच टोळीचा दुसरा हात समजावा.

ग्रामसभेपुढील विषय

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूविषयीचे निर्णय ते गाव अभ्यासगटात चर्चा करून आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने घेत आले आहे. तेंदूपत्त्याच्या लिलावातही अनेक ग्रामसभा ठेकेदाराचा करारनामा सर्वांसमोर वाचून घेतात, अनामत किती आणि हप्ता केव्हा हे विचारतात. एखाद्या ठेकेदाराने रक्कम थकविल्याचा अनुभव त्यामागे असतो. मोबाईलवरील योजना मात्र प्रत्येक जण एकटा वाचतो, एकटा निर्णय घेतो आणि फसल्यावर एकटाच गप्प बसतो. तीच योजना चार माणसांत मोठ्याने वाचली गेली, तर ‘दहा टक्के कुठून आणणार?’ हा प्रश्न विचारणारी एखादी म्हातारी प्रत्येक गावात निघेल.

महाराष्ट्र दिनाची १ मे रोजीची ग्रामसभा तेंदू हंगामाच्या तोंडावर येते. त्या दिवशी या विषयाला अर्धा तास देता येईल. ग्रामसभा कोषातील रक्कम कोणत्याही आभासी चलनात किंवा तत्सम योजनेत गुंतविली जाणार नाही आणि धनादेशावरील प्रत्येक सही रक्कम व नाव वाचूनच होईल, असा दोन वाक्यांचा ठराव पुरेसा आहे. १९३० हा क्रमांक आणि ‘खाते, सिम, ओटीपी कोणालाही देऊ नये’ एवढा मजकूर मराठीबरोबर गोंडी, माडिया आणि सीमेवरच्या गावांत तेलुगूत लिहून फळीवर, शाळेच्या भिंतीवर आणि रास्त भाव दुकानात लावता येईल. चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांतील वसाहतींसाठी तो बंगालीतही हवा. खडू आणि गेरू दोन्ही गावात असतात. भाषा जाणणारा शिक्षक तेवढा त्या दिवशी गावात असला पाहिजे.